पट: एकोणीस

माहिती आजच भरायची.
मुलगे अकरा, मुली आठ.
अनुसूचित जमाती चौदा,
त्यात पावरा नऊ, तडवी पाच;
एवढं बारीक रकान्याला दिसत नाही.

मातृभाषा?
रेलकी पावरीत रडते, मराठीत गप्प बसते.
लिहिलं: मराठी.
माझी घरी अहिराणी.
माझ्याही दाखल्यावर कुणी गुरुजींनी
घाईत असंच उरकलं असणार.

विसावा भायसिंग
परवाच गेला सौराष्ट्रात,
माय-बापामागे, भुईमूग काढायला.
खिडकीत त्याचं खोडरबर,
दातांनी कुरतडलेलं.
धरू का हजर?
वीस भरले की शाळा वर्षभर सुटेल
वरच्यांच्या नजरेतून.

रेलकी उठून बोटानं सगळ्यांना मोजते,
तिच्या भाषेत,
शेवटी माझ्यापाशी येते
आणि बोट माझ्यावर टेकवून
हसते.
पेन तसंच उघडं.