चाळीस मिनिटं

चाळीस मिनिटं चालायचा, मग मान टाकायचा.
आधी घरघर, मग धाप,
मग गच्चीवरून विमान गेल्यासारखा आवाज
आणि काळा पडदा.
मी तेव्हा असायची कुठल्यातरी नावाच्या मध्यावर.
मासळीच्या कारखान्यात डबे भरणाऱ्या बायका,
जुना हजेरीपट, पेन्शनचे कागद.
झियादा सेव्ह होण्याआधी तीनदा गेली.
चौथ्यांदा मी तिची मोठ्यानं माफी मागितली.

अल्लामबेर्गेन म्हणाला, तापतोय, दुसरं काही नाही.
मोयनाकच्या बंदरात तेवीस वर्षं
त्यानं बोटींची इंजिनं उघडली.
त्याच्या मते जगातले सगळे आजार दोनच:
तेल संपलं,
नाहीतर वाट तुंबली.

नुकुसहून फोनवर काल्लीबेक सांगत होता:
आधी प्लग काढा. काढलात? नक्की?
आता हीटरच्या उघड्या नळाला हात लावा,
अंगातली वीज जाऊ द्या.
बापानं नळाला हात लावला, मग मलाही लावायला लावला.
दोघं उभे, लग्नात उभे होतो तसे,
कुणी काही सांगेपर्यंत.

चार स्क्रू. तीन निघाले.
चौथ्याला मिठानं खाल्लं होतं.

आत धूळ नव्हती, धुळीची वडी होती.
पंख्याच्या मागच्या जाळीवर थापलेली,
नखानं सोडवली तर अख्खी हातात आली.
तिच्यात नानचं पीठ,
दोन वर्षांपूर्वी मेलेल्या मांजराचे केस,
माझाही एक, अजून काळा असतानाचा.
आणि सगळ्यांत मिसळलेलं ते पांढरं.
अल्लामबेर्गेननं बोट टेकवून जिभेला लावलं.
मी ओरडले. तो म्हणाला, खारट.

समुद्र गेला तेव्हा
सामान घेऊन गेला नाही.
वारा सुटला की अजून आणून टाकतो,
गाद्यांत, चहात, आता इथे.

पात्यांत काडी अडकवा, फोन म्हणाला,
हवा मारताना पंखा फिरता कामा नये.
मग मी काडी धरली, त्यानं सायकलचा पंप मारला,
आणि खोलीभर असं धुकं झालं
की थोडा वेळ मला नवरा दिसेना,
नुसता खोकला ऐकू यायचा.

पंख्याखालची ती पेस्ट,
कधीकाळी ओली, आता वाळून
तुकड्यातुकड्यांत भेगाळलेली, पांढरट.
आम्ही दोघांनी पाहिली.
खिडकीबाहेर बघायची गरज नव्हती.

शेजारीण म्हणाली टूथपेस्ट लावा.
अल्लामबेर्गेन तिच्याशी दोन दिवस बोलला नाही.
त्या दोन दिवसांत कॉम्प्युटर टेबलावर उघडा पडलेला,
खाली वर्तमानपत्र,
आणि आम्ही त्याच्या कडेकडेनं जेवलो,
घरात आजारी माणूस असावं तसे, हळू बोलत.
तिसऱ्या दिवशी बसवाला सागिंदिक आला,
एक खरबूज आणि रुमालात बांधलेली
करंगळीएवढी ट्यूब.
वाटाण्याएवढीच, काल्लीबेक बजावत होता,
नानवर लोणी फासता तशी नको.
बापानं लोण्यासारखीच फासली, मग पुसली,
मग वाटाण्याएवढी लावली.

सुरू केला. आवाजच नाही.
मी घाबरले. इतकी वर्षं त्याच्या धापेवरूनच
कळायचं की आहे.
मागे तळहात धरला तर कोमट वारा.

घड्याळ समोर ठेवून बसलो.
अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.
अल्लामबेर्गेन सिगारेट ओढायला बाहेर गेला,
त्याला बोट सुटतानाही बघवत नसे.
एक्केचाळीसला मी झियादा लिहिली.
सेव्ह केली. पुन्हा सेव्ह केली.
मग तिच्या पुढची, आयशोल्पान,
बर्फाच्या खोलीत काम करायची, गात असायची,
तिची बोटं मला अजून आठवतात.

रात्री वारा उठला. दाराच्या फटीला
त्यानं ओला टॉवेल लावला, न बोलता.
ती वडी त्यानं टाकलेली नाही,
जॅमच्या बरणीत आहे, शेल्फवर. मी विचारलं नाही.

एक स्क्रू उरलाय.
बोटींतही उरायचाच एखादा, तो म्हणतो,
आणि खिशात टाकतो.