जोर, बैठका

डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्त दाट होतंय,
पाणी प्या, चाला, घाम काढा.
रिपोर्टवर त्यांनी लाल पेनानं एक गोल केला.
तो मी फ्रिजवर चिकटवला
आणि महिनाभर त्याच्याकडे बघत बघत
रात्री साडेअकराला शेव-उसळ खाल्ली,
वरून तर्री, वरून आणखी दोन पाव.
भूक अशी लागते हल्ली
की सुई मला टोचली की एखाद्या वाघाला, कळत नाही.

उद्यापासून. सोमवारपासून.
पुढच्या इंजेक्शनपासून.
दर एकवीस दिवसांची सुई कधी चुकत नाही,
सोमवार चुकतो.

खरं तर सवयच नव्हती.
तीस वर्षं या अंगात मी भाड्यानं राहिलो.
भाड्याच्या घराला कोण रंग देतं?
नळ गळतोय, गळू दे.
भिंतीला ओल आली की पुढे कपाट सरकवायचं.
कपाट म्हणजे हे वाकलेले खांदे.
आता कागद माझ्या नावावर झालेत
आणि सगळे गळके नळ एकदमच दिसायला लागलेत.

दांडिया बाजारातल्या गल्लीत,
घड्याळवाल्याच्या दुकानामागे तोच आखाडा.
लहानपणी मी इथे दोरीच्या मल्लखांबावर,
मुलींच्या बॅचला,
दोन वेण्या रिबिनीनं वर बांधून.
एरंडेलाचा वास तसाच.
सबनीस मास्तर तसेच, फक्त दात कमी.
त्यांनी माझ्या दाढीकडे पाहिलं,
मग खाली, पायाच्या अंगठ्याशी
दोरीनं पाडलेल्या जुन्या घट्ट्याकडे.
"दोरी सोडून किती वर्षं झाली?"
"सतरा."
"फार झाली," एवढंच म्हणाले
आणि किल्ली हातावर ठेवली.
"पावणेसहाला उघडायचं.
माझे गुडघे हल्ली वेळेवर जिना उतरत नाहीत."

म्हणजे निश्चय वगैरे काही नाही.
पायरीवर चार पोरं डोळे चोळत उभी असतात,
त्यातला धैवत तर पार वाडीहून सायकल मारत येतो.
मी नाही गेलो तर ती उभीच राहतील.

पहिल्या आठवड्यात सहा जोर.
सातव्याला कोपर थरथरलं.
दंडात ताकद औषधानं येते,
सांध्यांना ती बातमी उशिरा पोचते.
बाइंडर घरी ठेवतो, त्यात एवढा श्वास मावत नाही.
पोरं उघडी. मी सैल काळ्या टीशर्टात.
मे महिन्यात धैवतनं विचारलं,
"भाई, तुम्ही टीशर्ट का नाय काढत?"
"थंडी वाजते."
त्यानं बाहेरच्या उन्हाकडे एकदा पाहिलं,
माझ्याकडे एकदा.
"वाजत असेल," म्हणाला
आणि माती उकरायला लागला.

आई फोनवर विचारते, "उठलीस का?"
मग स्वतःच अडखळते,
"म्हणजे... झालं का उठून?"
क्रियापदाला वळसा घालून जाते ती,
सुरसागरच्या कडेकडेनं जावं तशी.
मला ओळखीचा आहे तो वळसा.
'जाते' आणि 'जातो'च्या मधोमध
मी वर्षानुवर्षं 'जायचं आहे' म्हणत उभा होतो,
गेलो मात्र कुठेच नाही.

पण मोजताना क्रियापद लागत नाही.
अकरा.
बारा.
नाक मातीपासून वीतभर,
घामाचा थेंब पडतो तिथे छोटा खड्डा.
तेरा.

आज कंटाळा आला होता. भयंकर.
गजर बंद करून कूससुद्धा बदलली होती,
तर उशीखालची किल्ली कानाला टोचली.

चौदा.
मागून धैवत ओरडतो,
"भाई, हा अर्धाच झाला, नाय धरायचा."
बरं.

चौदा.