मरून स्वेटर

आम्ही पाच जण रसायनशाळेत बसलो होतो,
बैठकीच्या खोलीत चुन्याचं काम चाललेलं
आणि चौकशी आणखी लांबवायची नाही
असं सेक्रेटरी लघाट्यांचं म्हणणं.

बोर्डाच्या फीचे चार हजार तीनशे ऐंशी.
कुलूप शाबूत. किल्ली खिळ्यावर.
आणि पातीराम दूधवाल्याचा जबाब:
नऊ जानेवारी, सकाळी साडेसहा,
मागच्या भिंतीवरून उतरताना दिसला
मरून स्वेटर.

रामसेवक शिपाई मरून स्वेटर घालतो.

"झालं तर मग," डॉक्टर भाटवडेकर म्हणाले.
त्यांच्या दवाखान्यातला गल्ला
दहा वर्षांपूर्वी कंपाउंडरनं उचलला होता,
तोही भिंडकडचाच.
हे ते बोलले नाहीत.
आम्हाला ते ऐकूच आलं.

मी विचारलं, लष्करात जानेवारीत साडेसहाला
स्वतःचा हात तरी दिसतो का?
परवा मी माझ्याच जिन्याला
शेजाऱ्यांचा समजून पुढे निघून गेले.
आणि आपल्या गणवेशाचा रंग कोणता?
सातशे मरून स्वेटर आहेत या वस्तीत,
थोरल्याचे धाकट्याला,
धाकट्याचे, उसवले की, रिक्षावाल्याला.

कुणी बोललं नाही.
ब्युरेटच्या टोकाशी एक थेंब लोंबत होता.
चौतीस वर्षं मी इथे शिकवतेय:
थेंब पडला, रंग आला, तरी थांबा.
ढवळा. ढवळूनही गुलाबी राहिलं
तरच वहीत आकडा लिहा.
माणूस किती वेळ ढवळायचा,
ते अभ्यासक्रमात नव्हतं.

आता खरं सांगायचं तर
रामसेवक मला कधीच आवडला नाही.
"मास्टरनीजी, आपसे नहीं होगा" म्हणत
हातातला बाटल्यांचा खोका काढून घ्यायचा,
तंबाखूचे दात दाखवत उगाच हसायचा.
माझ्यापुरता तो पहिल्या दिवशीच चोर होता,
पातीरामच्या आधी,
भिंतीच्या आधी.
म्हणून मी धुक्याची बाजू घेतली का?
की धुकं खरंच होतं?
दोन्ही खरं असेल, तर माझ्या चिठ्ठीवर
नेमकं कुणाचं अक्षर होतं?

लघाट्यांनी चिठ्ठ्या उलगडल्या.
तीन 'सिद्ध नाही'. दोन 'दोषी'.
'निर्दोष' कुणीच लिहिलं नव्हतं.
मीही नाही.

"संशयाचा फायदा," अभ्यंकर वकीलबाई
दाराबाहेर जाऊन त्याला समजावू लागल्या.
त्यानं हात जोडले. बराच वेळ जोडूनच उभा होता,
जणू फायदा म्हणजे काहीतरी हातात देतील.

सोमवारी तो चहा घेऊन आला.
टेबलावरची पर्स मी मांडीवर घेतली,
सावकाश, रुमाल काढायच्या निमित्तानं.
रुमाल पर्समध्ये नव्हता.
त्यानं कप ठेवला, बशी सरळ केली,
खिडकीकडे बघत म्हणाला,
"आज कोहरा कम है, मास्टरनीजी."