पत्ता अपूर्ण

एकतीस वर्षं मी फोंड्यात टपाल वाटलं.
परत जाणाऱ्या पाकिटांवर लाल शाईने
एकच शेरा मारत आलो: पत्ता अपूर्ण.
हुलिगेव्वाच्या नावाचं पत्र तीनदा आलं,
'बसस्टँड, तिकीट खिडकीशेजारी, फोंडा.'
तीनदा मी ते गदगला परत धाडलं
आणि तिच्या अंथरुणाला वळसा घालून
चहाला गेलो.

हे निवृत्तीनंतर आठवतं. नोकरीत आठवत नाही.

मोजणी रुझार पदेराने केली.
पहाटे साडेचारला, सायकलचा भोंपू न वाजवता,
झोपलेल्यांच्या मधून तो जायचा.
पावाच्या बिलामागे त्याने पेन्सिलीने लिहिलेलं:
तिस्कावर चार.
मासळी मार्केटच्या ओट्यांवर सात, त्यात एक तान्हं.
स्टँडवर नऊ.
देवळाच्या तळीपाशी एक, बोलत नाही,
उंडो खातो, पोळीला मान हलवतो.
"एवढेच मला दिसतात," रुझार म्हणाला,
"बाकीचे माझ्या आधी उठतात."

सभा भरली शशिकला कुंडईकरच्या शिवणवर्गात,
बंद मशिनींवर कोपरं टेकून.
कुणी म्हणालं, आज वीस आत घ्या, उद्या दोनशे येतील.
कुणी म्हणालं, सगळे भायले.
दातांत धरलेला दोरा तोडून शशिकलाने विचारलं,
आणि घनःश्याम वेरेकर? तोही भायलो?
घनःश्यामच्या बाकावर बसून शिकलेले तिघे
त्या खोलीत होते.
भावांनी वाटणीत त्याला फणसाचं झाड दिलं,
झाडाखालची जमीन नाही.

मग कामं निघाली, वेडीवाकडी.
अग्रशाळेच्या चौदा खोल्या,
जत्रेचे पाच दिवस सोडले तर वटवाघळांच्या.
महाजन दोन सभांत भांडले,
तिसरीत सहा खोल्या दिल्या,
आत मासळी शिजवायची नाही या अटीवर.
हुलिगेव्वा म्हणाली, आणि सुकी?
तो ठराव अजून व्हायचाय.

चर्चमागची खोली मिळाली, पंख्याशिवाय.
रुझारने भट्टीवरचा आणून लावला.
बटण दाबलं तसं पाती पीठ सांडू लागली,
तान्हं शिंकलं,
पाद्री हसला, मग तोही शिंकला.

भाड्याला बाजारातून रोज पाच रुपये.
सोनाराने विचार करतो म्हटलं.
चणेवाल्याने महिन्याचे एकदम दिले.

ढवळीला लोटलीकरांच्या तीन खोल्या होत्या,
पण त्यांना पोलिसांच्या फॉर्मची धास्ती.
फॉर्म मी भरले, अक्षर बरं म्हणून.
'कायमचा पत्ता' या रकान्याशी पेन अडायचं.
कादर म्हणाला, लिहा ना,
जिथं जिथं मी सेंट्रिंग लावलं.
लिफ्ट सुरू होईपर्यंत तिथंच झोपायचो.
असे अकरा पत्ते निघाले.
रकान्यात एकाचीच जागा होती.

घनःश्याम आला नाही म्हणाला, मग आला,
मग एका रात्री उठून फणसाखाली गेला.
कुणी ओढून आणलं नाही.
पावसाच्या आदल्या दिवशी परतला,
पोत्यात दोन फणस घेऊन,
सगळ्यांना गरे वाटले, हात तेलाचे करून.

आषाढात पाकीट चौथ्यांदा आलं.
नवी टपालवाली मुलगी ते घेऊन माझ्याकडे आली,
लाल पेन हातात.
मी निळं मागून घेतलं. लिहिलं:
खोली चार, अग्रशाळा, तळीच्या पश्चिमेला.
हात थोडा कापला, पण वाचता येण्याजोगं आहे.
आत काय होतं ते विचारलं नाही.
टपालवाल्याने विचारू नये.

आता रुझार भोंपू वाजवत येतो.
पाच कड्यांना पाच पिशव्या अडकवतो,
आणि सहाव्या खोलीलाही एक, एकाच उंड्याची,
तळीपाशी बसणाऱ्याच्या नावाने,
जे आम्हाला माहीत नाही.
संध्याकाळी पिशवी रिकामी असते.
अंथरूण अजून घडीतलंच.