हंग, हँग्ड

नवतप्याचा तिसरा दिवस. अजनीच्या क्लासात
कूलर नुसताच घरघरतोय, वाळ्याच्या ताट्या कोरड्या.
सोनकुसरेकाका उभे राहून वाक्य म्हणतात,
टोरंटोच्या नातीसाठी पाठ केलेलं:
आय हॅव हँग्ड द टॉवेल.

मागच्या बाकावरची पोरं फिसकन हसली.
मीही. म्हटलं, काका,
टॉवेलला फाशी दिलीत की तुम्ही!
कपडा, फोटो, कंदील: हंग.
हँग्ड फक्त माणूस.

ते हसले नाहीत.
वर्धा रोडच्या भिंतीआड एकतीस वर्षं
ड्यूटी केलेली त्यांनी.
प्रवेश-अर्जात वाचलं होतं मी,
ऐनवेळी आठवलं नाही.

'मॅडम, आपल्या मराठीत
दोन्ही लटकतेच न?'
हो, म्हटलं.
'मंग इंग्रजीवाल्यायनं काऊन वेगळं केलं असन?'
मला नियम येत होता. कारण नाही.

त्यांनी वहीत टॉवेलसमोर हंग लिहिलं,
ठळक, पुन्हा गिरवून.
दुसऱ्या शब्दापुढं उदाहरणाची ओळ असते,
ती तशीच सोडली.

निघताना चपला शोधत म्हणाले,
'वाळला असन टॉवेल.
या उन्हात चार मिनिटं लागते.'