कुसळं

कॅम्पात दुंडाप्पा हवालदारांकडं पाच पिल्लं.
चार धावत आली.
पाचवं माझ्या चपलेचा वास घेत बसलं.
"हेच न्या की," ते म्हणाले, "नाक आहे ह्याला."

खानापुरात आणलं. नाव मिरी.
आई कन्नडात हाक मारते, मी मराठीत;
जिच्या हातात भाकरी, तिची भाषा तिला कळते.

बाबांची बंदूक निवडणुकीला ठाण्यात जमा झाली,
परत आणायची राहूनच गेली.
तरी मिरी मलप्रभेत उडी घेते,
लव्हाळ्यातून आणते
कुणाचा चेंडू, एकदा बाबांचाच चष्मा,
काचेवर दाताचा ओरखडा नाही.

संध्याकाळी तिचे ओले लांब कान
मांडीवर उलटे पसरून
बाबा एकेक कुसळ काढतात.
माझी वेणी कधी न घातलेला माणूस.
"हलू नको गं," म्हणतात.

मीही हलत नाही.