शेवटून पहिली

कापसाबेतच्या मैदानाला तेव्हा छप्पर नव्हतं.
अराप मालेल सोड्याच्या उलट्या खोक्यावर बसायचा,
मांडीवर रेडिओ केंद्राचा माइक,
गळ्यात स्टॉपवॉच, काच तडकलेली,
आठ आणि नऊच्या मधोमध.
मी त्याची वही धरायला होते.
सतरा वर्षांची, तोंडाळ,
धावण्यात बरी. नुसतीच बरी.
आमच्याकडे नुसत्या बऱ्या पोरी ढिगाने.

पहिल्या दिवशी त्याने मला कुंपणाशी उभं केलं,
मैदानाकडे पाठ करून.
"सांग, रस्त्यावर काय चाललंय."
मी म्हटलं, काही नाही.
"रेडिओवर काही नाही म्हणालीस
तर लोक सेल काढून बॅटरीत घालतील."
मग सांगत गेले:
चहाची पानं लादलेला ट्रॅक्टर,
सायकलला उलट्या टांगलेल्या कोंबड्या, सहा.
नाही, सात.
"आधी मोज," तो म्हणाला, "मग बोल."

उपमांशी त्याचं जुनं वैर.
ती वाऱ्यासारखी धावतेय, म्हटलं एकदा,
तर माइकवर तळवा ठेवून विचारतो,
"वाऱ्याचा नंबर किती? वहीत बघ."

पंचवीस फेऱ्या. एवढा वेळ बोलायचं काय?
कोपरं, तो म्हणायचा. खांदे.
कोण कुणाच्या सावलीत पळतंय,
कोण मागे वळून बघतंय, आणि कितव्यांदा.
शेवटच्या फेरीची घंटा सुरू झाली की गप्प व्हायचा.
पूर्ण वाजू द्यायचा तिला.
"ती माझ्यापेक्षा चांगलं बोलते."

मला कधी चांगलं म्हणाला नाही.
एकदा भाजलेल्या कणसाचा मोठा तुकडा
माझ्या वाट्याला आला, तेवढंच.

मग नैरोबी.
गारठलेला स्टुडिओ, पावडरचा पफ,
निर्माता म्हणाला, आवाज जाड आहे तुझा,
हसत बोल, जरा उजेड येतो.
पहिलं थेट प्रक्षेपण, बायकांची दहा हजार मीटर.
मी कोपरं सांगितली, खांदे सांगितले,
घंटा वाजली आणि मी तोंड मिटलं.
कानात निर्माता ओरडत होता,
बोल, बोल, आवाज गेला का?
घंटा संपेपर्यंत नाही बोलले.
मग पहिली आली, झेंडा आला, जाहिरात आली.

रात्री फोन लावला.
घशाच्या ऑपरेशननंतर त्याचा आवाज
सुपात पाखडल्यासारखा.
"घंटा ऐकली," म्हणाला.
मी वाट बघत राहिले.
"शेवटची कोण होती?"

समोर कागद होता.
एकतीस नंबर. पुढचं नाव
झेरॉक्समध्ये काळं झालेलं.
माहीत नाही, म्हटलं.
"तिच्याही घरी रेडिओ असेल."
टीव्ही आहे आता, मी म्हटलं.
"तेच ते."
आणि त्याचा बॅलन्स संपला, किंवा त्याने ठेवला.

सकाळी खेळाडूंच्या वसतिगृहावर गेले.
ती नळाखाली बूट धूत बसली होती.
माझ्याकडे बघून म्हणाली,
"कालच्या पहिलीची खोली वर आहे."
तुझंच नाव हवंय, म्हटलं.
हजेरी द्यावी तसं तिने सांगितलं.
मी म्हणून पाहिलं, जोर भलत्याच अक्षरावर.
ती हसली. पुन्हा सांगितलं.
पुन्हा म्हटलं मी.

नाकिरू लोमोरुकाई.
लोदवारच्याही पलीकडची.
अडतीस मिनिटं, चार सेकंद.
दोन फेऱ्या मागे पडली होती,
सगळं मैदान पाठ फिरवून टाळ्या वाजवत होतं,
आणि ती एकदाही मागे वळली नव्हती.
हे मी पाहिलं होतं.
बोलले नव्हते.